चौदाव्या दिवसापासून

तेरवीच्या संध्याकाळी मांडव उतरतो. भाड्यानं आणलेली गंजं, पराती, वगराळी मोजून टेम्पोत चढतात. सतरंज्या झटकून त्यांच्या घड्या होतात. माहेरची माणसं शेवटची एसटी गाठायला निघतात. निघता निघता एखादी मावशी दारातच पुन्हा गळ्यात पडते, 'पोरांकडे पाहून राहा माय' म्हणते आणि पदर डोळ्यांना लावत चालू लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटते तेव्हा घरात ती बाई असते, दप्तर शोधणारी पोरं असतात आणि भिंतीला टेकून बसलेली सासू असते. तेरा दिवस अंगणात येऊन बसणारे शेजारी वावरात गेलेले असतात. त्यांचीही कामं खोळंबलेली असतात.

हा चौदावा दिवस. आधीच्या तेरा दिवसांना आपल्याकडे रीत आहे. सुतकातल्या घरी जेवण कोणी पोचवायचं, दुखवटा कोणी आणायचा, कोणत्या दिवशी काय करायचं हे ठरलेलं असतं. त्या गर्दीत रडायलाही फारशी उसंत मिळत नाही. चौदाव्या दिवसासाठी मात्र काहीच ठरलेलं नाही. मेलेल्या माणसाची चप्पल दारात तशीच असते, खुंटीवर सदरा असतो आणि घर गप्प असतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात हा चौदावा दिवस फार घरांनी पाहिला आहे. कागदावर तालुका केळापूरचा; पण तहसील, बाजार, कचेऱ्या पांढरकवड्याला, म्हणून लोकांच्या तोंडी पांढरकवडाच. केळापूर गाव नागपूर-हैदराबाद महामार्गालगत आहे आणि ओळखलं जातं ते जगदंबेच्या देवळासाठी. नवरात्रात इथं दर्शनाला रीघ लागते. त्याच सुमारास भोवतालच्या वावरांत पऱ्हाटीची बोंडं फुटायला लागतात. दक्षिणेला पैनगंगा, तिच्यापलीकडे तेलंगण. गावागावांत गोंड आणि कोलाम वस्ती, कोलामांची पोडं, म्हणजे त्यांच्या वस्त्या. बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, कोलामी कानावर पडते. शेती बहुतेक कोरडवाहू: कापूस, तूर, सोयाबीन. पावसानं दगा दिला की वर्ष गेलं.

महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांचा इतिहास सांगताना सुरुवात याच जिल्ह्यापासून होते. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतरच्या चार दशकांत जिल्ह्यातल्या हजारो घरांत तशी बातमी आली. पांढरकवड्यातूनच किशोर तिवारी यांच्या विदर्भ जनआंदोलन समितीनं वर्षानुवर्षं या मृत्यूंचा हिशोब जगापुढे मांडला. पत्रकार आले, पुढारी आले. 2006 च्या पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. मेलेल्यांची मोजदाद झाली, ती व्हायलाच हवी होती. पण मागे राहिलेल्या बाईची चौकशी फार उशिरा सुरू झाली, आणि तीही आधी फाइलीच्या रूपानं.

आत्महत्या झाली की तलाठी, पोलीस, कृषी खातं यांचे कागद तयार होतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं. नावावर जमीन होती का, बँकेचं कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शेरा बसतो. पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात. 2006 साली ठरल्याप्रमाणे त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार बाईच्या नावानं ठेवीत. सावकाराकडून कर्ज काढलेलं असेल, जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, तर प्रकरण अडतं. नवऱ्याचं जाणं 'अपात्र' ठरल्याचं कागदावर वाचावं लागणं हे दुःखावरचं दुसरं दुःख आहे. सरकारी भाषेत तो शब्द फक्त योजनेपुरता असेल, पण घरात तो मेलेल्या माणसाला लागतो. हा शब्द बदलायला हवा, त्यासाठी एक पैसाही खर्च येत नाही.

फाइल मिटली तरी बाईचं अंग बोलत राहतं. झोप येत नाही, डोकं धरतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती 'कमजोरी आहे' म्हणून जाते आणि बाटली लावून, म्हणजे सलाईन घेऊन परत येते. 'नैराश्य' हा शब्द तिच्या तोंडी नसतो. ती म्हणते, लई टेन्शन येते. विचार करू करू डोकं दुखते. डॉक्टरलाही रांग संपवायची असते. तिच्या घरात काय झालं हे विचारायला त्याच्याकडे दोन मिनिटं नसतात.

याच जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या वैशाली येडे यांचे पती सुधाकर यांनी 2011 मध्ये आत्महत्या केली. पदरात दोन लहान मुलं. त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबू लागल्या, शेतात राबू लागल्या. पुढे श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केलं. या नाटकात शेतकरी विधवांच्या भूमिका करायला मुंबई-पुण्याच्या नट्या नव्हत्या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका आणि लेकी स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या. ज्या बाईला नवरा गेल्यानंतर चारचौघांत मान वर करून बोलायची सवय उरली नव्हती, तिनं शेकडो माणसांसमोर आपलीच गोष्ट आपल्याच वऱ्हाडी बोलीत सांगायची.

यात काय घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. तालमीला यायचं म्हणजे घराबाहेर पडायचं, एसटीनं जायचं, आपल्यासारख्याच दहाजणींबरोबर राहायचं. एकीला संवाद म्हणताना हुंदका फुटला की दुसरी तिच्या पाठीवर हात ठेवणार, कारण तो संवाद तिच्याही घरातला. घडलेलं तेच, पण आता त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि ऐकणारं कोणीतरी समोर बसलं आहे. घरात एकटीनं आठवताना दुःख गरगर फिरत राहतं. दहाजणींत सांगताना त्याला वाट मिळते. मृताच्या तेराव्याचं नाव घेतलेलं हे नाटक खरं तर चौदाव्या दिवसापासूनचं आहे. 2024 साली 'तेरवं' चित्रपटरूपातही आलं.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं, राज्यभर वादळ उठलं, आणि अखेर 11 जानेवारीला उद्घाटनाचा मान वैशाली येडे यांना मिळाला. त्या दिवशी त्यांनी केलेलं भाषण ज्यांनी ऐकलं ते विसरलेले नाहीत. अडचणीच्या वेळी दिल्ली नाही, गल्लीतली बाईच कामी येते, म्हणून तुमच्यासमोर माझ्यासारखी बाई उभी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नवरा गेला तरी मी पुढच्या जन्माची वाट न पाहता याच जन्मात लढणार, हेही त्यांनी सांगितलं. दुःखातून माणूस कसा सावरतो याबद्दल जगभरात मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांतला बराच गाभा त्या गल्लीतल्या बाईत आला.

गल्लीतल्या माणसाचा उपयोग किती होतो याचा मोजून काढलेला पुरावाही विदर्भातच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गोव्यातल्या 'संगत' संस्थेचा त्यात पुढाकार होता. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि संशोधक राहुल शिधये त्यात होते. गावातलीच साधी शिकलेली माणसं त्यांनी प्रशिक्षण देऊन तयार केली. ती घरोघर गेली, टेन्शनबद्दल बोलली, ऐकत बसली. ज्याला जास्त त्रास, त्याला समुपदेशक आणि गरज पडली तर डॉक्टरपर्यंत नेलं. सुरुवातीला नैराश्यानं ग्रासलेल्या शंभरातल्या जेमतेम 4.3 जणांना कसली तरी मदत मिळत होती. दीड वर्षात हे प्रमाण 27.2 वर गेलं. जीव द्यावासा वाटतो असं सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 वर आलं. 2017 साली हे निष्कर्ष लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात छापून आले. या आकड्यांमागे मोठं इस्पितळ नव्हतं. ओट्यावर बसणारी, गावातच राहणारी माणसं होती.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाला हेच उमगलं ते एका घावामुळे. त्यांची एक तरुण रुग्ण उपचाराला येऊ शकली नाही, कारण गाडीभाड्याला पैसे नव्हते. तिनं आत्महत्या केली. 2006 मध्ये त्यांनी हरारेमधल्या चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाकडं टाकलं आणि आजी त्यावर बसून येणाऱ्याचं ऐकू लागली. तिथल्या शोना भाषेत नैराश्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'फार विचार करणं'. पांढरकवड्याच्या बाजारातली बाईही आपलं दुखणं नेमक्या त्याच शब्दांत सांगते. 2016 मध्ये 573 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी आजीजवळ बसलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी झालेला दिसला.

आपल्याकडे बाकड्याची गरज नाही, ओटा आहे. आजीही आहे. फक्त तेरवी झाली की तिचं येणं थांबतं.

दुःखातून सावरणं म्हणजे दुःख विसरणं, असा एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. म्हणून तर सांत्वनाला आलेली माणसं 'आता विसर' म्हणतात. नेदरलँड्समधले मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये वेगळं चित्र मांडलं. माणूस दुःखात बुडतो, मग कामाला लागतो, मग पुन्हा बुडतो. हे येणं-जाणं हीच सावरण्याची चाल आहे. सतत रडत राहणंही घातक आणि कधीच न रडता कामाला जुंपून घेणंही घातक.

केळापुरातली वेचणी पाहिली की हे समजायला पुस्तक लागत नाही. पहिल्या दिवशी वावरात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि मग बायका पऱ्हाटीच्या ओळी धरतात. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत जातो. बोंडाचं सुकलेलं टोक बोटांना टोचतं, नखांच्या कडा सोलवटतात. नवीनच विधवा झालेली बाई ओळीत असली की सोबतिणी तिच्या शेजारची ओळ धरतात. कोणी गाणं म्हणतं, कोणी भावाचा हिशोब करतं, आणि मध्येच ती थांबते. याच बांधावर तो बसून भाकर खायचा. शेजारची काही बोलत नाही. तिच्या ओळीतली चार बोंडं वेचून तिच्या ओटीत टाकते, म्हणजे ती मागे पडू नये. संध्याकाळी काट्यावर वजन होतं. मजुरी किलोवर असते, त्यामुळे त्या चार बोंडांची किंमत दोघींनाही ठाऊक असते. दुःखितासोबत असणं म्हणजे काय, याची याहून नेमकी खूण सांगता येणार नाही.

पण सगळंच दुःख आपोआप ओसरत नाही. सहा महिने, वर्ष उलटून गेलं तरी बाई उठत नसेल, मेलेल्या माणसाशिवाय दुसरं काहीच सुचत नसेल, पोरांकडे लक्ष जात नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत अशा लांबलेल्या दुःखाला स्वतंत्र स्थान दिलं आहे, त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. अशा वेळी भगत, अंगारा, उतारा यांत महिने घालवू नयेत.

दुखणं शरीराचं असतं तेव्हाही लोकांचं लक्ष असंच लवकर हटतं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावर येत होता. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात खाटा भरून गेल्या. उलट्या, घुसमट, डोळ्यांपुढे अंधार. वाचलेले घरी परतले तेव्हा बातम्या थांबल्या होत्या. पण ज्याच्या हाताला कंप राहिला, ज्याला पुन्हा पंप पाठीवर घ्यायची भीती बसली, त्याचं आजारपण तेव्हा सुरू झालं. घरचा कर्ता पुरुष दिवसभर खाटेवर आणि बायको मजुरीला, हा बदलही एक प्रकारचा शोकच असतो. त्याला तर तेरा दिवसही मिळत नाहीत.

असंच वाघाच्या बाबतीत झालं. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात दोनेक वर्षांत तेरा माणसं मारल्याचा ठपका टी-1 वाघिणीवर होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. 'अवनी' हे तिचं नाव देशभर झालं, न्यायालयात खटले चालले, आणि वाघ जगला पाहिजे हे म्हणणं खरंच आहे. पण त्या तेरा घरांत पुढे काय झालं, गुरं चारायला जाणाऱ्या त्यांच्या मुलांनी जंगलाकडे पुन्हा पाऊल कसं टाकलं, हे विचारायला किती जण गेले?

नवरा गेल्यावर बाईच्या आयुष्यात होणारा बदल मोठा असतो आणि तो बऱ्याचदा बाहेरून लादला जातो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी उतरवणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा आदर्श घ्यायला सांगितलं. दुःखात असलेल्या माणसाच्या हातातल्या बांगड्या फोडणारी रीत ही जखमेवरची जखम आहे. हेरवाडनं जे केलं ते केळापूर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेला करता येईल.

दुसरा बदल सातबाऱ्यावरचा. महिला किसान अधिकार मंचानं, म्हणजे 'मकाम'नं, 2018 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अकरा जिल्ह्यांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या 505 बायकांची पाहणी केली. त्यांतल्या चाळीस टक्के बायकांच्या नावावर त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. घर नावावर झालं होतं ते फक्त पस्तीस टक्क्यांच्या. ज्या वावरात ती रोज राबते ते वावर तिचं नाही, त्यामुळे पीककर्ज नाही, विमा नाही. सासरा म्हणतो, पोरं मोठी झाली की बघू. अशा बाईला मन खंबीर कर म्हणून सांगणं निरर्थक आहे. तिला तलाठ्याकडे सोबत येणारं माणूस हवं. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, सातबारा आणि आठ-अ घेऊन जायचं, अर्जाची पोच मागून घ्यायची, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करायचा. हे काम शिकलेल्या पुतण्याला, गावातल्या शिक्षकाला, बचत गटातल्या ताईला दोन खेपांत करता येतं. फेरफारावर नाव चढलेली बाई त्या रात्री जरा बरी झोपते, आणि तोही उपचारच आहे.

महाराष्ट्र शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पात आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत आशा ताईंनी घरोघर जाऊन ताणाखाली असलेल्या माणसांचा शोध घ्यायचा आणि जिल्हा रुग्णालयातल्या पथकानं त्यांना समुपदेशन आणि औषधं द्यायची, अशी रचना केली गेली. कल्पना चांगली आहे. पण आशा ताईंच्या डोक्यावर लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत किती कामं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना वेळ आणि मानधन दिलं, तरच तो शोध प्रश्नावलीपुरता राहणार नाही.

आणखी एक गोष्ट गावात स्पष्ट सांगायला हवी. जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर खटला होईल, या भीतीनं घरचे अजूनही गोष्ट दडवतात आणि दवाखान्यात न्यायला उशीर करतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नसून त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

टेली-मानसचा क्रमांक 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. राज्याच्या आरोग्य सेवेचा 104 हा क्रमांकही आहे. हे दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, कृषी केंद्राच्या काउंटरवर आणि केळापूरच्या देवळाच्या आवारात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवेत. आणि तुमच्या गावात ज्या घरची तेरवी गेल्या महिन्यात झाली, त्या घरी या आठवड्यात जाऊन या. वेचणीचे दिवस असतील तर संध्याकाळी जा, काटा झाल्यावर, ती घरी असते तेव्हा.